कामाच्या ठिकाणी वंशभेद आणि लिंगभेद का होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भेदभाव का होतो असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: लोकांची मानसिकता. ते खोटं नाही, पण त्याने कुणाच्या हाती काही लागत नाही. मानसिकता सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच असते, तरी काही कंपन्यांत भेदभाव बोकाळतो आणि काही ठिकाणी त्याला फारसा वाव मिळत नाही. हा फरक कशाने पडतो, याकडे खालच्या उत्तरांचा रोख आहे. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

प्रत्येक नकार म्हणजे भेदभाव का?

नाही. काम येत नाही म्हणून कुणाला घेतलं नाही, तर ती निवड झाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५८ सालच्या १११ क्रमांकाच्या करारात भेदभावाची व्याख्या आहे. वंश, रंग, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय किंवा सामाजिक मूळ यांच्या आधारावर कुणाला वगळणं, वेगळं वागवणं किंवा झुकतं माप देणं आणि त्यामुळे संधीची समानता बिघडणं, असा तिचा आशय आहे. त्या कामाला मुळातच लागणारी अट यातून वगळलेली आहे. बहुतेक वाद होतात ते एखादी अट कामाला लागते की नुसतीच लावलेली आहे, यावरून.

या व्याख्येतलं झुकतं माप लोकांच्या नजरेतून सुटतं. आपण कुणाचा द्वेष करत नाही, म्हणजे आपल्या हातून भेदभाव होत नाही, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते. पण जागा एक आणि अर्ज शंभर असतात, तेव्हा एकाला दिलेली छोटीशी सवलतही दुसऱ्याच्या मुळावर येते.

कुणाचा हेतू वाईट नसेल तरी भेदभाव होऊ शकतो?

होऊ शकतो, आणि कायद्यानेही हे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी मान्य केलं आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक पॉवर कंपनीचं वीजनिर्मिती केंद्र होतं. तिथे कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजूर विभागात घेत. त्या विभागातला सर्वांत जास्त पगार इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी असे. नोकरीतल्या भेदभावाला बंदी घालणारा कायदा २ जुलै १९६५ रोजी लागू झाला आणि नेमकं त्याच दिवसापासून कंपनीने इतर विभागांत नव्याने लागणाऱ्यांना दोन लेखी चाचण्या सक्तीच्या केल्या. माध्यमिक शाळा पूर्ण केल्याच्या दाखल्याची अट त्याआधीपासूनच होती.

कागदावर नियम सगळ्यांना सारखा होता. पण शाळाच वेगळ्या आणि निकृष्ट मिळालेल्या कृष्णवर्णीयांपैकी फार थोडे त्यातून पार पडत. उलट, दाखला नसलेले जुने गोरे कामगार तीच कामं वर्षानुवर्षं व्यवस्थित करत होते. म्हणजे कामाला दाखला लागतच नव्हता. तेरा कामगार कोर्टात गेले. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की अटीचा फटका एका गटाला बसत असेल आणि तिचा कामाशी संबंध दाखवता येत नसेल, तर आपला हेतू चांगला होता असं सांगून मालकाची सुटका होत नाही. ती तारीख पाहता हेतू अगदीच निरागस होता असं मला वाटत नाही. पण न्यायालयाला हेतू शोधण्याची गरजच पडली नाही.

तज्ज्ञ मंडळी भेदभावाची कारणं कशी मांडतात?

अर्थशास्त्रात दोन उत्तरं प्रसिद्ध आहेत. १९५७ साली गॅरी बेकर यांनी मांडलं की काही मालकांना, सहकाऱ्यांना किंवा ग्राहकांना एखाद्या गटातली माणसं नकोशीच वाटतात आणि ती टाळण्यासाठी ते पदरचं नुकसानही सोसतात. यातून आशा अशी निघते की स्पर्धा वाढली की असले मालक मागे पडतील. तसं थोडंफार झालंही, पण नकोसेपणा ग्राहकांचा किंवा सहकाऱ्यांचा असेल तर बाजार त्याला शिक्षा करत नाही, उलट बक्षीसच देतो.

दुसरं उत्तर १९७२ च्या सुमारास एडमंड फेल्प्स आणि केनेथ अ‍ॅरो यांनी दिलं. समोरच्या उमेदवाराबद्दल पुरेशी माहिती नसली की मालक त्याच्या गटाच्या सरासरीवरून अंदाज बांधतो. "या वयाच्या मुली दोन वर्षांत सोडून जातात" हे त्याचं नेहमीचं उदाहरण. यात द्वेष नाही, आळस आहे. आणि हा अंदाज स्वतःला खरा करून दाखवतो. ती सोडून जाणार म्हणून तिला प्रशिक्षणाला पाठवत नाहीत, चांगला प्रकल्प देत नाहीत, मग दोन वर्षांत कंटाळून ती खरंच सोडते आणि मॅनेजर म्हणतो, "मी म्हटलं नव्हतं?"

तिसरं कारण समाजशास्त्राकडून येतं, आणि मला तेच सर्वांत वजनदार वाटतं: निर्णय घ्यायची पद्धत. निकष आधी लिहून ठेवलेले नसतात, माहिती ठरावीक लोकांकडेच असते, निर्णयाची कारणं नोंदवायची नसतात आणि नंतर कुणी जाब विचारत नाही. मनातला पूर्वग्रह कृतीत उतरायला हीच वाट लागते.

नुसत्या नावावरून खरंच फरक पडतो का?

हो. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लयनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागो इथल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट बायोडेटा पाठवले. पात्रता सारखी आणि नावं वेगळी: काही ऐकताच गोरी वाटणारी, काही कृष्णवर्णीय. २००४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना साधारण दहा अर्जांमागे एक फोन आला, तर कृष्णवर्णीय नावांना तेवढ्यासाठी पंधरा अर्ज लागले.

त्याआधी, २००३ साली देवा पेजर यांचा मिलवॉकी शहरातला प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात तरुण प्रत्यक्ष अर्ज द्यायला गेले. तुरुंगवास भोगल्याचं सांगणाऱ्या गोऱ्यांपैकी १७ टक्क्यांना पुन्हा बोलावणं आलं, आणि कोणताही गुन्हा नसलेल्या कृष्णवर्णीयांपैकी १४ टक्क्यांना. हे आकडे पहिल्यांदा वाचणारा सहसा परत मागे जाऊन वाचतो.

पुढचा मोठा प्रयोग अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी १०८ कंपन्यांवर झाला. ८३ हजारांहून जास्त अर्ज गेले. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय नावांना येणाऱ्या प्रतिसादातला सरासरी फरक शंभर अर्जांमागे सुमारे दोनाचाच निघाला, पण खरी माहिती सरासरीच्या पोटात होती. कृष्णवर्णीय उमेदवारांच्या हुकलेल्या संधींपैकी जवळजवळ निम्म्या संधी फक्त एक पंचमांश कंपन्यांनी हुकवलेल्या होत्या. लिंगाच्या बाबतीत तर एकूण सरासरी फरक जवळपास शून्य आला. कारण काही कंपन्या पुरुषांना झुकतं माप देत होत्या आणि काही स्त्रियांना, त्यामुळे बेरीज-वजाबाकीत सगळं झाकलं गेलं. "आमच्या क्षेत्राचा आकडा तर बरोबरीचा आहे" असं कुणी सांगितलं, तर आत काय काय मिळवून ती बरोबरी झाली, हे विचारायला हवं. आणखी एक निष्कर्ष असा की भरतीचं काम जिथे एका मध्यवर्ती विभागाकडे होतं तिथे वंशभेद कमी आढळला, आणि जिथे ते ठिकठिकाणच्या मॅनेजरच्या मर्जीवर होतं तिथे जास्त. देश तोच, समाज तोच, फरक होता तो पद्धतीचा.

आम्ही फक्त गुणवत्ता बघतो. मग भेदभाव येतो कुठून?

या प्रश्नावर थोडं थांबू, कारण निवड समितीत बसलेला प्रत्येक जण हेच म्हणतो आणि बहुतेकांचा त्यावर मनापासून विश्वास असतो.

एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. पोलीसप्रमुखाच्या जागेसाठी दोन उमेदवार होते. एक रस्त्यावरच्या कामात मुरलेला, पण शिक्षण बेताचं. दुसरा उत्तम शिकलेला, प्रशासनात हुशार, पण प्रत्यक्ष गस्तीचा अनुभव कमी. काही परीक्षकांना मुरलेला उमेदवार पुरुष आणि शिकलेली उमेदवार स्त्री असल्याचं सांगितलं, काहींना उलटं. शिक्षण पुरुषाकडे असलं की परीक्षक म्हणत, या पदाला शिक्षण फार महत्त्वाचं. तेच शिक्षण स्त्रीकडे असलं की त्याचं वजन घटायचं. म्हणजे त्यांनी स्त्रीला कमी लेखलं नाही, निकषच सरकवला. शिवाय या परीक्षकांना आपण अगदी तटस्थपणे निवडलं असं वाटत होतं.

याच प्रयोगात उपायही सापडला. उमेदवार पाहण्याआधी कोणता गुण किती महत्त्वाचा हे परीक्षकांकडून ठरवून घेतलं, तेव्हा भेदभाव नाहीसा झाला. माणसं तीच राहिली, फक्त क्रम बदलला.

निवड समितीच्या बैठकीत हे कसं घडतं? उमेदवार बाहेर गेल्यावर पहिलं वाक्य असतं, "कसा वाटला?" मग कुणीतरी म्हणतं, "अनुभव कमी आहे, पण चमक आहे." पुढच्या उमेदवाराबद्दल तोच माणूस म्हणतो, "हुशार आहे, पण अनुभव कमी पडेल." दोघांचा अनुभव सारखाच असतो. एकाला भवितव्याचे गुण मिळाले, दुसरीला भूतकाळाचे. बैठक पाऊण तासात आटोपते, कागदावर फक्त नाव आणि "निवड" किंवा "प्रतीक्षा यादी" एवढंच उमटतं, आणि ही दोन वाक्यं तिथेच विरून जातात.

एमिलिओ कास्टिया आणि स्टीफन बेनार्ड यांनी २०१० साली याच्याही पुढची गोष्ट दाखवली. आमची संस्था गुणवत्तेलाच मान देते, असं ज्यांना ठासून सांगितलं होतं, त्यांनी सारख्याच कामगिरीच्या पुरुषाला स्त्रीपेक्षा जास्त बोनस दिला. हा जोर नव्हता तिथे तसं झालं नाही. आपण निःपक्षपाती आहोत याची खात्री पटली की माणूस स्वतःला तपासणं सोडून देतो, असा याचा एक अर्थ लावता येतो.

"आमच्यात मिसळून जाईल असा माणूस हवा" यात काय चूक?

मिसळणं म्हणजे काय, ते लिहून काढता येत असेल तर काहीच नाही. टीमला रोज सकाळी कामाचा आढावा द्यावा लागतो, चुका उघड मान्य कराव्या लागतात, तर ते निकषात घाला आणि मुलाखतीत तपासा. पण बहुतेक वेळा अर्थ असतो "याच्यासोबत गप्पा रंगल्या." समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी अमेरिकेतल्या नामांकित कायदा, सल्ला आणि वित्त कंपन्यांच्या भरतीचा अभ्यास करून २०१२ साली हेच मांडलं. मुलाखत घेणारे स्वतःसारखे छंद, खेळ आणि पार्श्वभूमी असलेल्यांकडे ओढले जात होते. गप्पा रंगायला सारखी शाळा, सारखी वस्ती, सारखी भाषा लागते. तिथूनच वंश आणि वर्ग आत शिरतात, तेही कुणी त्यांचं नाव न घेता.

ओळखीतून होणाऱ्या भरतीचंही तसंच. आपल्या कर्मचाऱ्यांनी सुचवलेली माणसं टिकतात, खर्चही वाचतो, म्हणून कंपन्या सुचवणाऱ्याला बक्षीस देतात. पण आपण आपल्यासारख्यांनाच ओळखतो. पहिली वीस माणसं एकाच गटाची असली की पुढची दोनशे त्याच गटाची होतात.

बायकाच बायकांना मागे ओढतात ना?

हे वाक्य पुरुषांना फार सोयीचं जातं, म्हणून आधी सावध व्हावं. पण त्यात एक तथ्य आहे: पूर्वग्रह फक्त पुरुषांकडे नसतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज दाखवला. काहींच्या प्रतीवर नाव जॉन, काहींच्या प्रतीवर जेनिफर. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला वर्षाला सरासरी ३० हजार डॉलरहून थोडा जास्त पगार सुचवला गेला. जेनिफरला २६ हजार ५०० च्या आसपास. स्त्री प्राध्यापक आणि पुरुष प्राध्यापक यांच्या उत्तरांत फरक नव्हता.

म्हणून समितीत एक बाई बसवली की काम झालं, असं नसतं. शिवाय तिच्यावर वेगळा दाब असतो. एकाच स्त्रीला वर जागा मिळते असं जिथे दिसतं, तिथे दुसरी स्त्री आपोआप स्पर्धक ठरते. तो दोष जागा मोजून देणाऱ्याचा.

पगारातला फरक बायकांच्या निवडीमुळे पडतो, असं म्हणतात. खरं काय?

अर्धं खरं. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ सालचं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते स्त्रियांच्या रोजगाराच्या दोन शतकांच्या इतिहासावरच्या कामासाठी. त्यांच्या मांडणीनुसार संपन्न देशांत आज उरलेला पगाराचा फरक बराचसा एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांमधला आहे, आणि तो पहिलं मूल झाल्यानंतर रुंदावतो. कारण काही नोकऱ्या वेळेला हावरट असतात. रात्री नऊला आलेला फोन उचलणाऱ्याला, शनिवार-रविवार देणाऱ्याला त्या तासांच्या प्रमाणाबाहेर मोबदला देतात. घरात मूल असलं की दोघांपैकी एकाला अशी नोकरी सोडावी लागते, आणि ती कोण सोडते हे सांगायला नको. डेन्मार्कमधल्या अभ्यासात पहिल्या मुलानंतर स्त्रियांची कमाई दीर्घकाळात पुरुषांच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी मागे पडलेली दिसली. पाळणाघरं आणि पालकत्वाच्या रजा यांसाठी नावाजलेल्या देशातला हा आकडा आहे.

याला निवड म्हणायचं तर म्हणा. पण निवडीचा मुद्दा जिथे उरतच नाही अशी उदाहरणंही आहेत. शेली कॉरेल आणि सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या प्रयोगात दोन अर्जदारांची पात्रता सारखी होती. एकीच्या कागदांत पालक-शिक्षक संघाचा उल्लेख होता, म्हणजे ती आई आहे हे कळावं. आईला कमी सक्षम, कामाशी कमी बांधिलकी असलेली मानलं गेलं आणि सुरुवातीचा पगार वर्षाला सुमारे ११ हजार डॉलरनी कमी सुचवला गेला. वडील असल्याने पुरुषांचं मात्र काही बिघडलं नाही. यात त्या आईने काय निवडलं होतं? तिने अजून कामाला हातही लावलेला नव्हता.

आणखी एक धागा आहे. अमेरिकेच्या १९५० ते २००० च्या जनगणनांचा अभ्यास सांगतो की एखाद्या व्यवसायात स्त्रियांचं प्रमाण वाढलं की पुढे त्या व्यवसायाचा पगार घसरतो, कौशल्य आणि शिक्षण लक्षात घेऊनही. तेव्हा "चांगल्या पगाराचं क्षेत्र निवडा" हा सल्ला सगळ्यांनी पाळला तर काय होईल, याचं उत्तर सल्ला देणाऱ्यांकडे नसतं.

बायका पगार मागतच नाहीत, म्हणून मिळत नाही. हे पटतं का?

फारसं नाही. २००७ साली हॅना राइली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाय यांनी दाखवलं की जास्त पगार मागणाऱ्या स्त्रीसोबत काम करायला परीक्षक पुरुषापेक्षा जास्त नाखूष होतात. म्हणजे न मागणं हा भित्रेपणा नसून पुष्कळदा अचूक हिशेब असतो.

त्यात "आधीचा पगार किती?" हा प्रश्न भर घालतो. पहिल्या नोकरीत कमी दिला गेला असेल तर तो तोटा पुढच्या प्रत्येक नोकरीत सोबत येतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने २०१६ साली कायदा करून हा प्रश्न विचारायलाच बंदी केली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या पगार-पारदर्शकता निर्देशातही तशी तरतूद आहे.

बैठकीचं टिपण लिहिणं, निरोप समारंभ ठरवणं, नव्या मुलांना सांभाळून घेणं... हाही भेदभावच का?

वाटणी नेहमी एकाच दिशेने होत असेल तर हो. ही कामं कुणीतरी करायलाच लागतात, पण बढतीच्या वेळी ती कुणी मोजत नाही. २०१७ सालच्या एका अभ्यासात प्रयोगासाठी छोटे गट केले होते, आणि गटातल्या एकाने असं बिनफायद्याचं काम अंगावर घ्यायचं होतं. मिश्र गटांत स्त्रिया जास्त वेळा पुढे आल्या. पण गटात सगळे पुरुषच होते तेव्हा पुरुष मुकाट्याने पुढे आले. तेव्हा "बायकांना आवडतंच ते" हे खरं नाही. कोण करेल याची सगळ्यांची अपेक्षा आधीच ठरलेली असते. मॅनेजरला कुणाला तरी सांगायचं असलं तर तोही, किंवा तीही, स्त्रीलाच सांगते.

पाळी लावा, एवढा साधा उपाय यावर पुरतो. तो सुचवला की बैठकीत हसतात, हे मात्र खरं.

वागण्याबोलण्याची पट्टी वेगळी असते, याचा ठोस पुरावा आहे का?

अ‍ॅन हॉपकिन्स यांचा खटला वाचावा. प्राइस वॉटरहाउस या हिशेब तपासणीच्या कंपनीत १९८२ साली भागीदारीसाठी ८८ नावं पुढे आली. त्यांत त्या एकट्याच स्त्री होत्या, आणि कंपनीला मोठं सरकारी काम मिळवून देण्यात त्यांचा वाटा होता. तरी त्यांचं नाव मागे ठेवलं. आक्षेप असे की त्या फार आक्रमक आहेत, उद्धट आहेत. त्यांच्या बाजूने असलेल्या एका भागीदाराने त्यांना सल्ला दिला तो चालणं, बोलणं, कपडे जरा बाईसारखे ठेवण्याचा, मेकअप करण्याचा, दागिने घालण्याचा. १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की स्त्री कशी असावी या ठोकळेबाज कल्पनेवरून बढती अडवणं हाही लिंगभेदच.

पेच असा की त्या पदाला आक्रमकपणा लागतो आणि स्त्रीमध्ये तो खपत नाही. कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या वाट्याला अशीच पट्टी केसांवरून येते. नैसर्गिक कुरळे केस किंवा वेण्या "व्यवसायाला शोभत नाहीत" म्हणून नोकऱ्या गेल्या. कॅलिफोर्नियाने २०१९ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला.

वंश आणि लिंग दोन्हींचा फटका बसतो, तेव्हा काय होतं?

बेरीज होत नाही, वेगळंच काहीतरी होतं. जनरल मोटर्सविरुद्धच्या १९७६ च्या खटल्यात पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी तक्रार केली. १९६४ च्या आधी त्या कारखान्यात कृष्णवर्णीय स्त्रियांना घेतच नसत. मंदीत शेवटी आलेल्यांना आधी काढायचा नियम लागला आणि १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नोकऱ्या गेल्या. न्यायालय म्हणालं, कंपनीत स्त्रिया आहेत, म्हणजे लिंगभेद नाही. त्या गोऱ्या होत्या. दोन्ही कारणं एकत्र करून वेगळा दावा लावता येणार नाही, असंही सांगितलं. किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ साली याच निकालावर बोट ठेवून दोन भेदांच्या छेदबिंदूची मांडणी केली.

सेवाज्येष्ठतेचा नियम स्वतः निरुपद्रवी दिसतो. पण ज्यांना उशिरा आत घेतलं, त्यांच्यासाठी तो जुनी बंदी जिवंत ठेवतो.

वंशभेदात जात धरतात का?

संयुक्त राष्ट्रांच्या १९६५ सालच्या वंशभेदविरोधी करारात वंश, रंग, राष्ट्रीय मूळ यांच्याबरोबर "जन्माने येणारा वारसा" हाही आधार आहे. करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००२ साली त्यात जातीसारख्या व्यवस्था येतात असं स्पष्ट केलं. जात म्हणजे वंश नव्हे, हा वाद अभ्यासकांनी घालावा. आडनाव वाचून अर्ज बाजूला सरकवणाऱ्या हाताची कारणं मात्र वर सांगितलेलीच आहेत.

ग्राहकांनाच तसं हवं असतं. कंपनी काय करणार?

पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीने हेच सांगितलं होतं. विमानात सेवेसाठी ती फक्त स्त्रिया घेत असे. एका पुरुषाने दावा लावला तेव्हा कंपनीने प्रवाशांच्या पसंतीचं सर्वेक्षण पुढे केलं, घाबरलेल्या प्रवाशांना स्त्रियाच चांगला धीर देतात अशी मानसोपचारतज्ज्ञाची साक्षही दिली. १९७१ साली अपिलात न्यायालयाने ते फेटाळलं: विमान कंपनीचं काम प्रवाशांना सुखरूप पोचवणं हे आहे, आणि ग्राहकांचे पूर्वग्रह सांभाळत बसलो तर कायदा कशाला केला? पुरुषांशीही भेदभाव होतो का, हा प्रश्न वेगळा विचारायची गरज उरू नये.

निवड संगणकावर सोपवली तर?

संगणक शिकतो ते जुन्या निर्णयांतून. अ‍ॅमेझॉनने अर्ज चाळण्यासाठी बनवलेली प्रणाली आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवर शिकवली होती, आणि ते अर्ज बहुतांश पुरुषांचे होते. "महिला बुद्धिबळ संघाची कप्तान" यासारख्या उल्लेखात "महिला" दिसलं की ती गुण कापू लागली. कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला. २०१८ साली ही बातमी बाहेर आली. इथे निदान कुणीतरी आत डोकावून पाहिलं.

कायदे इतके, तरी हे चालतं कसं?

पहिलं कारण, कळतच नाही. लिली लेडबेटर अमेरिकेतल्या एका टायर कारखान्यात १९ वर्षं काम करत होत्या. आपल्याला त्याच हुद्द्याच्या पुरुषांपेक्षा कमी पगार मिळतो हे त्यांना कळलं ते कुणीतरी गुपचूप ठेवलेल्या चिठ्ठीवरून. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की पगार ठरवल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती. माहीतच नसलेल्या गोष्टीची तक्रार कशी करायची, याचं उत्तर त्यात नव्हतं. २००९ साली त्यांच्याच नावाचा कायदा होऊन प्रत्येक कमी पगाराबरोबर ती मुदत नव्याने सुरू होऊ लागली. पगार गुप्त ठेवायची सक्ती जिथे आहे, तिथे समान वेतनाचा कायदा बहुतांशी कपाटातच राहतो.

दुसरं, इतिहास फार जवळचा आहे. लग्न झालं की स्त्रीने सरकारी नोकरी सोडायची हा नियम ऑस्ट्रेलियात १९६६ पर्यंत आणि आयर्लंडमध्ये १९७३ पर्यंत होता. त्या काळात नोकरीला लागलेली माणसं पुढे कित्येक वर्षं मॅनेजर होती, आणि पुढचे मॅनेजर त्यांनीच तयार केले.

प्रशिक्षणाने मनं बदलतात का?

फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह यांनी शेकडो अमेरिकी कंपन्यांची अनेक वर्षांची माहिती तपासली. सक्तीच्या प्रशिक्षणाचा वरच्या पदांवरच्या वैविध्यावर फारसा चांगला परिणाम दिसला नाही, कधी कधी तर उलटाच दिसला. जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर किंवा गटावर टाकली, मार्गदर्शक नेमून दिले, तिथे आकडे हलले. प्रशिक्षण तरीही लोकप्रिय आहे, कारण एका दुपारी उरकतं आणि फाइलला लावता येतं.

माझ्या बाबतीत भेदभाव झालाय असं वाटतं. कारणं समजून मला काय फायदा?

काय मागायचं ते कळतं. "साहेबांच्या मनात माझ्याबद्दल अढी आहे" हे सिद्ध करायला गेलात तर समोरचा म्हणेल, मुळीच नाही, आणि विषय तिथेच मिटेल. त्याऐवजी लेखी विचारा: या पदाचे निकष काय होते, ते कोणत्या तारखेला ठरले, प्रत्येक निकषावर मला किती गुण मिळाले. निकष उमेदवार पाहिल्यानंतर ठरले असतील, किंवा ठरलेच नसतील, तर तीच तुमची पहिली ठोस गोष्ट.

तुलनेला माणूस शोधा: त्याच मॅनेजरच्या हाताखालचा, साधारण तितक्याच अनुभवाचा, दुसऱ्या गटातला. त्याला तीच चूक माफ झाली का, तीच सुट्टी मिळाली का? कोण काय बोललं ते त्याच दिवशी, शक्यतो त्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा आणि ही नोंद कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवू नका. बढती नाकारल्याचं तोंडी सांगितलं असेल तर संध्याकाळी साधा मेल टाका: "आज आपण सांगितल्याप्रमाणे मला बढती न देण्याचं कारण अमुक आहे, असं मी समजलो. काही चुकत असल्यास कळवावं." उत्तर आलं तर कारण लेखी मिळालं. नाही आलं, तरी पुढे कारण बदललं तर ते बदललेलं दिसेल. आणि तक्रारीची मुदत किती दिवसांची आहे, ते हे सगळं करण्याआधी पाहून ठेवा.